हिवाळ्यातले नैराश्य: परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे घेतली जातात. शनिवारी लंडनमध्ये पावणेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचलाच मावळतो. पुढे रोज थोडा थोडा अलीकडे सरकत डिसेंबरच्या मध्यात तो चारच्या आतच गायब होतो. २१ डिसेंबरला लंडनचा दिवस आठ तासांपेक्षाही थोडा लहान असतो आणि एडिंबराचा जेमतेम सात तासांचा. त्याच दिवशी मुंबईत जवळपास अकरा तासांचा दिवस असतो.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीवर किंवा बँकेचे कर्ज काढून आपल्या समाजातली मुलेमुली दरवर्षी सप्टेंबरमध्ये तिकडे जातात. जाण्याआधी सीनियर लोक त्यांना यादी पाठवतात: जाड जॅकेट, थर्मल, प्रेशर कुकर, मसाले, औषधे. थंडीची तयारी होते, पण उजेड कमी होणार आहे हे सहसा कोणी सांगत नाही. काहींना त्याचाच फटका जास्त बसतो.

ठराविक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याला डॉक्टर सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ‘सॅड’ म्हणतात. हा काही निराळा आजार नाही. नैराश्याच्या आजाराचाच हा एक प्रकार आहे. तो शरद ऋतूच्या शेवटी सुरू होतो, हिवाळाभर राहतो आणि वसंतात ओसरतो. काही थोड्या लोकांना उलट उन्हाळ्यात त्रास होतो. त्यांची झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. या लेखात आपण हिवाळ्यातल्या प्रकाराविषयी बोलणार आहोत.

आळस दिसतो, आजार दिसत नाही

नैराश्य म्हटले की झोप उडालेला, अन्न न जाणारा, एकटाच रडणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. हिवाळ्यातल्या नैराश्यात बरेचदा उलटे घडते. माणूस दहा-बारा तास झोपतो आणि तरीही थकलेलाच उठतो. भात, ब्रेड, बटाटा, गोड असे काहीतरी सारखे खावेसे वाटते. वजन वाढते. हातापायांत शिसे ओतल्यासारखी जडता येते. लोकांत मिसळावेसे वाटत नाही. वाचलेले डोक्यात राहत नाही. मन उदास असतेच, पण बाहेरच्यांना दिसते ते एवढेच, की हा खातो आणि झोपतो.

म्हणूनच याकडे आजार म्हणून पाहिले जात नाही. सकाळचे लेक्चर चुकते. निबंधाची मुदत टळते. मार्गदर्शकाच्या ईमेलला उत्तर द्यायचे राहते आणि मग लाज वाटून पुढचा ईमेल उघडलाच जात नाही. घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ सांगितले जाते. एक वर्षाच्या एमए-एमएस्सीत अशी आठ-दहा आठवडे गेली, तर वर्षच हातून जाऊ शकते. जे आजाराचे आहे ते आपल्या लायकीचे आहे, असे मुलाला वाटू लागते. पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्हाला हे जमणार नाही’ असे ऐकवल्या गेलेल्या घरातल्या मुलाला तर ते फार लवकर पटते.

त्यात आपल्याच लोकांचे एक वाक्य भर घालते: ‘बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, आणि तुला थंडीचा त्रास होतो?’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण प्रेरणा देण्याची ही पद्धत नव्हे. आजारी माणसाला महापुरुषाच्या मापाने मोजले, की तो बोलायचाच थांबतो.

शोध लागला तो असा

या आजाराला नाव देणारे डॉ. नॉर्मन रोझेन्थल मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. भरपूर उन्हाच्या गावातून १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. हिवाळ्यात आपली उमेद आणि कामाचा वेग घसरतो, वसंतात दोन्ही परत येतात, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले. म्हणजे हा आजार ओळखणारा माणूस स्वतःच उन्हाच्या देशातून आलेला स्थलांतरित होता. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करू लागले. तिथे हर्ब कर्न नावाचे एक संशोधक-अभियंता आले. त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या मनःस्थितीच्या चढउतारांची नोंद ठेवली होती आणि त्यात ऋतूंचे चक्र स्पष्ट दिसत होते. १९८० मध्येच अल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की प्रखर प्रकाशाने माणसाच्या शरीरातले मेलाटोनिन हे संप्रेरक दबते, घरातल्या साध्या दिव्याने तसे होत नाही. मग कर्न यांना हिवाळ्यात प्रखर दिव्यासमोर बसवून पाहिले आणि काही दिवसांत त्यांच्यात फरक पडला. १९८४ मध्ये रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथून ‘सॅड’ हे नाव रूढ झाले.

उजेडाचा उपयोग याआधीही कोणाला सुचला नव्हता असे नाही. १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले होते आणि मे ते जुलै खलाशांना सूर्यच दिसला नाही. खचलेल्या खलाशांना जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक शेगडीच्या धगधगत्या उजेडासमोर बसवत असत.

शरीरात घडते ते साधारण असे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत ज्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नसून उजेड मोजणे आहे. त्या मेंदूतल्या मुख्य घड्याळाला खबर देतात. सकाळी प्रखर उजेड डोळ्यांत गेला, की घड्याळ ‘दिवस सुरू’ अशी नोंद करते. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. हिवाळ्यात पहाट उशिरा होते. आपण आठच्या अंधारात उठून ट्यूबलाइटखाली बसतो, पण शरीराचे घड्याळ अजून रात्रीतच असते. बऱ्याच रुग्णांत हे घड्याळ मागे पडलेले आढळते. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कामातही ऋतूप्रमाणे बदल होतो, असे संशोधक मानतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण त्या गोळ्यांनी हे नैराश्य जाते असे सिद्ध झालेले नाही.

यावर वादही आहे आणि तो तरुणांनी माहीत करून घ्यावा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत दक्षिणेकडच्या फ्लोरिडात हे प्रमाण १.४ टक्के, तर उत्तरेकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये ९.७ टक्के आढळले. पण २०१६ मध्ये ३४,००० हून अधिक अमेरिकनांच्या माहितीचे विश्लेषण झाले आणि त्यात नैराश्याचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी संबंध दिसला नाही. माझ्या मते यातून एवढाच अर्थ निघतो, की हिवाळा सगळ्यांना आजारी पाडत नाही. ज्यांना पाडतो ते तुलनेने थोडे असतात, आणि मोठ्या सरासरीत थोडी माणसे दिसत नाहीत. हिवाळ्यात कंटाळा येणे म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, कशातच रस उरला नसेल, आणि झोप, भूक, एकाग्रता बिघडून काम अडत असेल, तर तो कंटाळा नाही.

व्याख्येबाहेर राहणारे

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानग्रंथात नैराश्याला ‘ऋतूनुसार’ म्हणायच्या अटी आहेत. किमान दोन वर्षे ते त्याच ऋतूत आलेले आणि ऋतूबरोबर गेलेले असावे, त्या दोन वर्षांत इतर ऋतूंत आलेले नसावे, आणि आयुष्यभराचा हिशेब केला तर त्या ऋतूतले झटके जास्त असावेत. आता एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलीने काय करायचे? दुसरा हिवाळा येईपर्यंत ती परत आलेली असेल. उत्तर सरळ आहे. नावाची वाट पाहायची नाही. नैराश्याच्या निदानाला दोन आठवड्यांची लक्षणे पुरतात आणि उपचार त्यावरच सुरू होतात. ते ऋतूचे होते की नाही, ते पुढे ठरेल.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला दुसरी अट जास्त विचार करायला लावते. ज्यांच्या उदासीमागे दरवर्षी त्याच मोसमात येणारे सामाजिक कारण उघड दिसते, त्यांना या प्रकारात धरू नये, असे तो ग्रंथ सांगतो. त्यासाठी दिलेले उदाहरण आहे दर हिवाळ्यात बेकार होणाऱ्या माणसाचे. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबर आहे. ज्याचा रोजगार गेला त्याला दिव्यासमोर बसवून काय होणार?

पण हीच अट आपल्या वस्त्यांना लावून पाहा. मुंबईत पावसाळा सुरू झाला, की बांधकामे मंदावतात आणि नाक्यावर उभा राहिलेला कामगार अकरा वाजता तसाच घरी परततो. जूनमध्येच शाळेच्या वह्या-गणवेशाचा खर्च येतो. पत्रा गळतो, भिंतीला ओल येते, लहान मूल तापाने फणफणते, वस्तीत पाणी शिरायची धास्ती रात्रभर झोपू देत नाही. या घरातला माणूस दर जुलैत खचत असेल, तर त्याला ‘पावसाळ्यातले सॅड’ म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे जुलैचा दिवस तेरा तासांचा असतो, आणि ढगाळ असला तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. तिथे गळती थांबवणे, रेशन, मजुरी आणि उधारीचे व्याज हे प्रश्न पुढे येतात.

याचा अर्थ असा नाही, की त्याला नैराश्य नाही. आजार दोघांनाही आहे आणि डॉक्टरची गरज दोघांनाही आहे. फरक इतकाच, की एकाच्या उपचारात उजेड येतो आणि दुसऱ्याच्या उपचारात रोजगार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यात ताडपत्री वाटताना घरातल्या माणसाची झोप कशी आहे, हेही विचारावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलते.

उपचार

पुन्हा उत्तरेकडच्या हिवाळ्याकडे वळू. यावरचे उपचार तीन: प्रकाश, समुपदेशन आणि औषध. कोणासाठी कोणता, हे डॉक्टरशी बोलूनच ठरवायचे.

प्रकाशोपचारासाठी खास दिवा मिळतो. दुकानांत त्याला सॅड लॅम्प किंवा लाइट बॉक्स म्हणतात. त्याची ताकद १०,००० लक्स असावी. लक्स हे उजेडाचे माप आहे. राहत्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो, भर उन्हात पन्नास हजारांहून जास्त. घेताना एक गोष्ट तपासावी: हे १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात? स्वस्तातले छोटे दिवे चेहऱ्याला चिकटवल्यावरच तेवढा उजेड देतात. अतिनील किरण गाळणारा दिवाच घ्यावा. टेबललॅम्पचा मोठा बल्ब किंवा त्वचेसाठीचा दिवा चालत नाही.

वापरायचे सकाळी, शक्यतो उठल्यावर तासाभरात. दिवा हात-दीड हातावर थोडा बाजूला ठेवायचा आणि रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसायचे. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. चहा-नाश्ता, वाचन चालते. फरक साधारण एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो. बरे वाटले म्हणून बंद केले, तर त्रास परत येऊ शकतो, म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत चालू ठेवायचे. संध्याकाळी उशिरा बसू नये, झोप उडते. सुरुवातीला डोके दुखणे, डोळ्यांवर ताण, मळमळ होऊ शकते. मग वेळ कमी करून किंवा अंतर वाढवून पाहायचे.

इथे एक धोका आहे. ज्यांना बायपोलर आजार आहे किंवा घरात कोणाला आहे, त्यांनी डॉक्टरला न विचारता दिवा वापरू नये, कारण प्रखर प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. डोळ्याच्या पडद्याचे आजार असलेल्यांनी आणि उजेडाची संवेदना वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनीही आधी विचारावे.

औषधे नेहमीचीच, नैराश्यावरची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात प्रकाशोपचार आणि फ्लुओक्सेटिन यांची तुलना झाली. दोन्ही गटांत साधारण सारख्याच, म्हणजे दोन तृतीयांश रुग्णांना गुण आला. प्रकाशाचा परिणाम थोडा लवकर दिसला. औषधाला काही आठवडे लागतात आणि ते मनाने अचानक बंद करता येत नाही. मित्राकडे उरलेल्या गोळ्या घेऊन पाहणे तर नकोच.

समुपदेशनात सीबीटी या पद्धतीचा पुरावा चांगला आहे. त्यात ‘हा हिवाळा संपणारच नाही, मी काहीच करू शकत नाही’ अशा विचारांची तपासणी होते आणि अंथरुणाबाहेर काढणारी छोटी कामे ठरवून केली जातात. व्हरमाँट विद्यापीठाच्या केली रोहन यांनी १७७ रुग्णांवर अभ्यास केला. एका गटाला प्रकाश दिला, दुसऱ्याला सहा आठवडे आठवड्यातून दोनदा सीबीटी. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिले, तर प्रकाशवाल्यांत सुमारे ४६ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आले होते आणि सीबीटीवाल्यांत २७ टक्क्यांना. दिवा दरवर्षी आठवणीने लावावा लागतो, शिकलेले कौशल्य सोबत राहते, असे याचे कारण सांगितले जाते. तिकडे तीन-चार वर्षे पीएचडीसाठी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

‘दहा दिवस विपश्यनेला बस’ हा सल्लाही आपल्याकडे सर्रास दिला जातो. ध्यान करणाऱ्यांनी ते जरूर चालू ठेवावे. पण गंभीर मानसिक आजारावर शिबिर हा उपचार नव्हे, असे शिबिरे घेणाऱ्या केंद्रांच्याच सूचनांत असते. आधी डॉक्टर.

तिकडे गेल्यावर

ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे नाव नोंदवा, आजारी पडण्याची वाट पाहू नका. व्हिसाच्या वेळी तुम्ही किंवा तुमच्या शिष्यवृत्तीने आरोग्य अधिभार भरलेला असतो. २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यामुळे डॉक्टरला भेटायचे वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीचे शुल्क आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाही. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच अर्ज करता येतो. दिवा मात्र एनएचएस सहसा देत नाही. त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत प्रकाशोपचाराचा पुरावा अनिश्चित मानला आहे. काही विद्यापीठांत असे दिवे वापरायला मिळतात. विकत घेण्याआधी विद्यार्थी कल्याण कक्षात विचारा.

जीपीला सांगितलेली गोष्ट गोपनीय असते. जिवाला धोका असेल तो अपवाद सोडला, तर ती विद्यापीठाला, समाजकल्याण खात्याला किंवा घरी कळवली जात नाही. उलट डॉक्टरचे पत्र असेल तर निबंधाची मुदत वाढवून मिळू शकते. मुदत टळण्याआधी अर्ज करा, नंतर नाही. पूर्ण अभ्यासच काही महिने थांबवायचा विचार असेल, तर त्याचा व्हिसावर आणि शिष्यवृत्तीवर परिणाम होतो. म्हणून आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाशी बोला.

सगळ्यात अवघड प्रश्न कामाचा आहे. भाडे भागवण्यासाठी आपली मुले आठवड्याचे वीस तास काम करतात आणि बरेचदा मिळते ते रात्रपाळीचे: गोदाम, सुपरमार्केट, हॉटेलचे स्वयंपाकघर. रात्रभर जागून सकाळी झोपले, की उजेडाचे ते सात-आठ तास झोपेतच जातात. शक्य असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी रात्रपाळी टाळावी, किंवा शनिवार-रविवारची दिवसपाळी मागावी. खोली निवडताना तळघरातली स्वस्त खोली आणि मोठ्या खिडकीची खोली यांत थोडाच फरक असेल, तर खिडकीला पैसे मोजावेत. रोज सकाळी किंवा निदान दुपारी बारा-एकच्या आत अर्धा तास बाहेर चालावे, ढग असले तरी.

आणि जे उजेडाने सुटणार नाही, तेही सांगून ठेवते. फ्लॅटमधल्या भारतीय मुलांनी आडनावावरून जात काढली आणि त्यानंतर जेवायला बोलावणे बंद झाले, तर त्याने येणारा एकटेपणा डिसेंबरचा नसतो. समुपदेशकाला तो प्रकारही स्पष्ट सांगा. तिकडच्या समुपदेशकाला जात म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागेल, त्याचा कंटाळा येईल, तरी सांगा. नाहीतर सगळे दुखणे हवामानाच्या खात्यावर जमा होते.

मरणाचे विचार येत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३ वर चोवीस तास विनाशुल्क बोलतात. इंग्लंडमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, आणि जीव धोक्यात असेल तर ९९९.

घरच्यांनी ‘अभ्यास कसा चाललाय’ हा प्रश्न डिसेंबरपुरता मागे ठेवावा. किती वाजता उठलीस, आज बाहेर गेलीस का, काल कोणाशी बोललीस, हे विचारावे. उत्तरांतून बरेच कळते. सारखीच झोप, सारखीच टाळाटाळ, कॅमेरा बंद, असे दोन-तीन आठवडे दिसले, तर रागावण्याऐवजी डॉक्टरची वेळ घेतली का, ते विचारावे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड झालेला असतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच वेळी फोन लावून ‘बाहेर पड आणि चालत चालत बोल’ म्हणावे.